जुन्या पिकअपचं छताचं कापड बदलायचंय? मग सोलापूरचं ऊन धरूनच काम करा

जुन्या पिकअपचं छताचं कापड लोंबायला लागलं की बहुतेक जण आधी काय करतात तर पिना मारतात. मग पिनांच्या मधे मधे फुगे येतात, ड्रायव्हरच्या डोक्याला कापड घासतं, काच खाली करून जरा स्पीड घेतला की फडफडायला लागतं आणि एक दिवस वैतागून कुणीतरी कटर घेतं आणि सगळं फाडून टाकतं. राहतो नुसता पत्रा. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला जातो, त्या वेळी उघड्या पत्र्याखाली बसून अक्कलकोटपर्यंत जाऊन या म्हणजे कळेल ते कापड तिथं कशाला होतं.

हे काम घरी होतं. कुशनवाल्याकडं दिलं तरी हरकत नाही पण तो एका दिवसात करून देतो म्हणाला तर जरा सावध, कारण यातलं खरं काम कापड लावायचं नाहीच, जुनं साफ करायचं आहे, आणि तेच सगळे उडवतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. कापड सुटत नसतं, त्याच्या मागचा फोम मरतो. छताच्या कापडाला मागून साधारण ३ मिलीमीटरचा पातळ फोम असतो आणि बोर्डाला चिकटलेला असतो तो हा फोम. वर्षानुवर्षं तापून आणि पावसाळ्यातली दमट हवा खाऊन तो कुजतो, पिवळट तपकिरी भुगा होतो, बोट फिरवलं की हाताला येतो. म्हणून जुन्याच कापडाला सोल्युशन मारून परत चिकटवू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सोल्युशन भुग्याला धरतं पण भुगा कशालाच धरलेला नसतो, पहिल्या उन्हाळ्यात परत झोळ.

आता तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे ते बघा. तळहातानं छत दाबा. सगळीकडं कडक लागलं तर आत बोर्ड आहे, म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डचा साचा आणि त्यावर कापड. कापड आत दबलं आणि मधे मधे आडव्या सळ्या हाताला लागल्या तर ते टांगलेलं छत, जसं जुन्या अँबेसेडरला असायचं. तिसरा प्रकार म्हणजे काहीच नाही, कंपनीतूनच रंगवलेला पत्रा, जुन्या कामाच्या गाड्यांत हे बरंच दिसतं. शिवाय १९८८ साली आलेली टाटामोबाईल घ्या किंवा त्याच्या आधीची कुठली जीपवाली पिकअप, या गाड्या इतक्या हातांतून गेलेल्या असतात की आधीच्या मालकानं आत काय बसवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळं मॉडेलच्या नावावर जाऊ नका, हात लावून बघा.

खोलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा कारण केबिनच्या दिव्याची वायर छतातूनच जाते. मग सन व्हायझर, आरसा, दिवा, हँडल, दरवाज्याभोवतीचं बीडिंग म्हणजे कडेची पट्टी. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पिशवीत टाका आणि पिशवीवर मार्करनं लिहा, लहान-मोठे स्क्रू मिसळले आणि लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर तो सरळ बाहेरच्या पत्र्याला टेकतो आणि वरनं टेंगूळ येतं. जुनी प्लास्टिकची क्लिप तुटणारच, जपून काढली तरी तुटते, मेकॅनिक चौकात विचारलं तर त्या मापाची मिळून जाते, नमुना खिशात घेऊन जा म्हणजे झालं.

बोर्ड असेल तर तो अख्खा बाहेर काढावा लागतो. सिंगल केबिनला जागा कमी, त्यामुळं सीटची पाठ आधी काढा आणि दोघांनी मिळून बोर्ड तिरका करून दरवाज्यातून घ्या. एकट्यानं ओढला की मधनं मोडतो, जुना पुठ्ठा तापून वाळून पापडासारखा झालेला असतो.

सळ्यांचं छत असेल तर अजून एक भानगड आहे. कापडाची पुढची आणि मागची कड बऱ्याचदा काचेच्या रबराखाली चिकटवलेली असते. नीट काम करायचं असेल तर दोन्ही काचा काढाच. नाही काढल्या तरी पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं कापड रबराखाली सारता येतं, पण ताण हवा तसा येत नाही आणि पट्टीच्या जागी स्क्रूड्रायव्हर घातला तर काच गेलीच समजा. सळ्या काढताना पुढून मागे १, २, ३ असे नंबर चिकटपट्टीवर लिहून लावा, डावी बाजू कुठली तेही लिहा. दिसायला सगळ्या सारख्या दिसतात पण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो, अदलाबदल झाली की कापड कितीही ताणा, कुठंतरी चुणी राहतेच. सळीचं टोक बाजूच्या पट्टीतल्या कुठल्या भोकात होतं तेही मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तिथं एकापेक्षा जास्त भोकं असतात.

जुनं कापड फेकू नका! तेच तुमचं माप आहे. आणि गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल, कागदोपत्री व्हिंटेज करायचा विचार असेल, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमात गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे, तेव्हा जुन्या कापडाचा तुकडा आणि फोटो जपून ठेवलेले बरे. नियमाला कुठली गाडी बसते ते आरटीओत विचारून घ्या, माल वाहणारी म्हणून पासिंग झालेल्या गाडीचं गणित वेगळं असतं.

आता पत्रा. कापड उतरल्यावर पत्रा दिसतो ती संधी परत लवकर येणार नाही म्हणून घाई करू नका. छताच्या कडेला पाण्याची पन्हळ असते ना, तिच्या आतल्या सांध्यावर जुनं सीलंट असतं, ते तडकलं की पावसाचं पाणी आत येतं आणि कोपऱ्यात गंज धरतो. टॉर्च लावून चारी कोपरे बघा. मग एकाला आत बसवा आणि वरनं पन्हळीत हळूहळू पाणी सोडा, जोरात पाईप मारायचा नाही, नुसती धार. कुठून पाझरतं ते आतल्याला लगेच दिसतं. गंज वायर ब्रशनं घासा, पॉलिश पेपर मारा, थिनरच्या फडक्यानं पुसा, रेड ऑक्साईड म्हणजे गंज रोखणारा प्रायमर लावा, सुकल्यावर सांध्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. भोक पडलं असेल तर आता डेंटरकडं जा, कापड लावल्यावर वेल्डिंग करता येत नाही, ठिणगीनं सगळं पेटेल. छतावर कुणी चढून खड्डा पाडला असेल (पिकअप म्हटली की चढतातच) तर तोही आतून दाबून काढायची वेळ हीच.

पत्रा साफ झाला की उन्हाचा बंदोबस्त. इथं लोक दोन चुकीच्या गोष्टी वापरतात. एक म्हणजे डांबरी शीट. जमिनीवर ठीक आहे हो, पण छताला उलटी लावली की सोलापूरच्या दुपारी मऊ होऊन खाली यायला लागते आणि वास मारते तो वेगळाच. दुसरी म्हणजे सोफ्यातला स्पंज. स्पंज पाणी धरतो, पत्रा आतून घामेजला की ओलावा तिथंच राहतो आणि वर्षभरात गंज. घ्यायचं ते ब्युटाइल रबराचं, पत्र्याची थरथर मारणारं डॅम्पिंग शीट, ज्याला वरून अॅल्युमिनियमची चंदेरी फॉईल असते. ते सगळ्या छताला लावायची गरज नाही, मधल्या मोठ्या मोकळ्या भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी पत्र्याची टणटण बंद होते. रोलरनं दाबून बसवा, कड उचललेली दिसली तर परत दाबा. त्यावर बंद छिद्राचा फोम, म्हणजे जो पाणी पीत नाही तो, ५-६ मिलीमीटरचा, पूर्ण छताला. जाडी वाढवायचा मोह आवरा, सळ्या परत जागेवर बसल्या पाहिजेत आणि बोर्डाचे स्क्रूही. थंडावा मुख्यतः या थराचा असतो, वरच्या कापडाचा नाही.

कापड कुठलं हा प्रश्न सोलापुरात विचारला की पहिलं उत्तर ठरलेलं, चादर लावा की! मी पण चादरवालाच आहे, घरात दुसरं पांघरूण नाही, पण छताला नको. सोलापुरी चादर जाड सुताची, वजनाला भारी, ताणत नाही, त्यामुळं बाक आला की चुण्या येतात आणि भारी कापड उलटं धरून ठेवायला गम पण तेवढाच तगडा लागतो. शिवाय सूत धूळ खातं. टॉवेलचं कापड तर अजूनच नको, त्याच्या फासात व्हायझरचं टोक अडकून धागे निघतात. हौसच असेल तर चादर सीटला घाला, झकास दिसते, मागची पाठ पण त्यात मढवा.

छताला बोर्ड असेल तर फोम लावलेलं विणीचं कापड घ्या, जे दोन्ही बाजूंनी थोडं ताणतं. सळ्या असतील तर फोमवालं नको, पातळ रेक्झिन, बारीक भोकांचं मिळालं तर जुन्या गाडीला तेच शोभतं. पन्हा बहुतेक ५४ इंच असतो, सिंगल केबिनला दोन मीटर घेतलं तर पुरून उरतं, तरी छत आडवं-उभं मोजूनच जा. रंग फिका घ्या, केबिन मोठी वाटते. पांढराशुभ्र मात्र नको, इथल्या धुळीत महिनाभरात मळका होतो.

गमवर कंजूषी करू नका. पांढरा फेविकॉल लाकडाचा, पाण्यातला, तो इथं चालत नाही. शाळेच्या प्रोजेक्टचा स्प्रेही नाही. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवाच ६० अंशांच्या पुढं जाऊ शकते, पत्र्याजवळ त्याहून जास्त, साधा गम त्यात ढिला पडतो. सिंथेटिक रबरचं सोल्युशन घ्या, कुशनवाले ज्याला एसआर म्हणतात, आणि त्यातही डब्यावर हीट रेझिस्टंट लिहिलेलं. हे दोन्ही बाजूंना लावायचं असतं, बोर्डालाही आणि फोमलाही, मग थांबायचं. बोटाच्या पाठीनं टेकून बघा, चिकट लागतं पण बोटाला येत नाही तेव्हा जोडायचं. डब्यावर १०-१५ मिनिटं लिहिलं असेल तरी आपल्याकडं उन्हाळ्यात त्याच्या निम्म्यात सुकतं आणि जास्त सुकलं तर धरत नाही. म्हणून हे काम सकाळी करा, आणि शक्य असेल तर सिझनच बदला, गड्ड्याच्या म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आसपासची हवा यासाठी एकदम बेस्ट. सोल्युशनची वाफ पेट घेते, डोकं पण धरतं, तेव्हा उघड्यावर काम, मास्क, आणि जवळ बिडी-काडी काही नाही, बघायला जमलेल्यांना पण सांगून ठेवा.

बोर्डाचं काम असं. जुना भुगा आधी सुक्या नायलॉन ब्रशनं काढा, मग पॉलिश पेपर हलक्या हातानं, शेवटी फडकं. मास्क लावाच, तो भुगा घशात बसतो. हात फिरवल्यावर पिवळं काही लागत नाही तोवर थांबायचं नाही. कोपरा मोडला असेल तर मागून पातळ कापड गमनं चिकटवून सांधा. बोर्डच गेला असेल तर ३ मिलीमीटरचा हार्डबोर्ड आणा, आधी खाकी कागदावर छताचं माप घ्या, कागद छताला धरून दिव्याचं भोक, स्क्रूची जागा सगळं खुणवा, मग बोर्ड कापा. बाक द्यायला हार्डबोर्डची खडबडीत बाजू ओल्या फडक्यानं भिजवा आणि दोन टेकूंवर ठेवून मधे हलकं वजन देऊन सावलीत रात्रभर सोडा, सकाळी त्याला गोलाई आलेली असते. पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना वॉर्निशचा हात मारा नाहीतर पावसाळ्यात परत वाकडा होतो.

कापड बोर्डावर पसरा, चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त. आता अर्ध कापड मागं दुमडा आणि फक्त अर्ध्या भागाला सोल्युशन लावा. वेळ झाली की मधून कडेकडं तळहातानं बसवत जा. ओढू नका. खोलगट भाग असेल तर तिथं आधी कापड आत दाबून बसवा, मग पुढं सरका, वरनं ताणून नेलं तर आज छान दिसेल आणि एप्रिलमध्ये तिथंच फुगा येईल. मग दुसरा अर्धा. फोमवर जोर देऊन घासू नका, फोम चपटा झाला की तिथं डाग दिसतो तो जात नाही. कड मागं इंच-दीड इंच वळवून चिकटवा, गोल कोपऱ्यात बारीक काप द्या म्हणजे जाडी होत नाही. दिव्याच्या जागी गोल कापायचं नाही, फुलीसारखे दोन काप मारायचे आणि चार पाकळ्या मागं चिकटवायच्या.

सळ्यांच्या छताला शिलाई आली. जुनं कापड उसवा, प्रत्येक तुकड्यावर पुढची बाजू बाणानं दाखवा आणि मधली रेघ खडूनं मारा, नव्या कापडावर हीच रेघ हवी. सळी जाते तो मागचा नेफा जुन्याच्याच रुंदीचा ठेवा. शिवणाऱ्याला हमखास वाटतं की जरा ढिला असावा, म्हणून तो विचारतोच,

"नेफा जरा मोठा घेऊ का?"

"नको चाचा, जुना होता तेवढाच. आणि दोरा सुती नको, पॉलिस्टरचा घाला."

नेफा मोठा झाला की सळीपासून कापड खाली लटकतं आणि दोन सळ्यांच्या मधे पोट दिसतं. सुती दोरा तर उन्हात कुजतो, कापड शाबूत आणि शिलाई उसवलेली असं होतं. कडेला तीन-चार इंच जास्त कापड ठेवायचं.

शिवून आलं की तासभर गच्चीवर उन्हात पसरून ठेवा, घड्या जातात आणि रेक्झिन मऊ पडतं. सळ्या नंबराप्रमाणं नेफ्यात घाला, मधली रेघ सळीच्या मधे आणा, मागच्या सळीपासून एकेक जागेवर अडकवत पुढं या. मग पुढच्या काचेच्या वर बरोबर मधे ताणून कागदाचा काळा चिमटा लावा, मागं मधे एक, मग डाव्या-उजव्या दरवाज्यावर मधे. तिथून कोपऱ्यांकडं, एक डावीकडं एक उजवीकडं. एकच बाजू पूर्ण करत गेलात तर शिलाई तिरकी होते. सळीच्या टोकाजवळ नेफा कापडाला आखडून धरतो आणि तिथं चुणी येते, तेव्हा नेफ्याला टोकाकडून अर्धा-पाऊण इंच काप द्या, कापडाला नाही, फक्त नेफ्याला, बघा ताणून, लागला तर अजून थोडा. जास्त कापला तर परत जोडता येत नाही.

सगळीकडं चिमटे असताना गाडी तशीच दोन-चार तास उन्हात ठेवा. कापड सैल पडेल, परत ताणा. उरलेल्या बारीक चुण्यांना हेअर ड्रायर पुरतो, हीट गन असेल तर हात लांब ठेवा, रेक्झिन चटकन चमकतं आणि जळतं. चुण्या गेल्यावरच सोल्युशन, तेही सावलीत गाडी थंड झाल्यावर, एकेक चिमटा काढत.

काच परत बसवायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत नसते. रबर आधी काचेला चढवा, रबराच्या ज्या खाचेत पत्रा जातो त्या खाचेत गोल फिरवून नायलॉनची दोरी घाला, दोन्ही टोकं खाली मधे एकमेकांवरनं जाऊ द्या. साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून काच तळहातानं दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरीचं टोक काचेच्या मधल्या दिशेनं ओढत जायचं, दोरी निघते तशी रबराचा आतला ओठ पत्र्यावर चढत जातो. हे करताना छताच्या नव्या कापडाची कड रबराखाली सपाट आहे ना ते बघत राहा, घडी राहिली तर तिथून पाणी येणार. रबर जुनं आणि कडक असेल तर नवीनच घाला, दोन पैसे वाचवायला जाऊन काच फुटते.

मग बीडिंग, व्हायझर, दिवा. स्क्रूच्या जागा कापडाखाली सापडत नाहीत म्हणून टोच्यानं आतून-बाहेरून चाचपून भोक शोधा, ड्रिल लावू नका, ड्रिलच्या पात्याला धागा गुंडाळला की एका सेकंदात लांबलचक रेघ उसवते.

पहिले दोन दिवस गाडी सावलीत, काचा थोड्या खाली, वास जाऊ द्या आणि गम पूर्ण बसू द्या. नंतर धुताना आतून छताला पाणी मारायचं नाही. मळलं तर ओलसर फडकं, फार झालं तर साबणाचा फेस हलका लावून लगेच पुसा. आणि सर्व्हिसिंगवाला पोरगा आत ब्रश घेऊन शिरला तर आधी त्याच्या हातातला ब्रश काढून घ्या.